फोटोकाकूंचा कवटीचा डबा

फोटोकाकूंच्या फ्रिजमध्ये दुधाच्या भांड्याशेजारी एक चपटा काळा डबा असायचा आणि त्याच्या झाकणावर लाल रंगात माणसाची कवटी काढलेली असायची. कवटीखाली दोन हाडांची फुली, आणि फुलीखाली ठसठशीत अक्षरं: ‘धोका. उघडाल तर पस्तावाल.’ घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा गार पाणी घ्यायला फ्रिज उघडायचा आणि पाणी न घेताच परत यायचा. घरच्यांना मात्र ती कवटी दिसेनाशी झाली होती. रोजच्या कपाचा तुटलेला कान जसा काही दिवसांनी दिसेनासा होतो, तशी.

डब्यात विष नव्हतं, फिल्म होती. जुन्या मोठ्या कॅमेऱ्याला लागणारी, पोस्टकार्डाहून थोडी मोठी अशी सुटी पानं. फोटो काढून झाला, पण अजून धुतला नाही, की ती पानं त्या डब्यात राहायची. उजेडाचा एक कवडसा आत गेला तरी सगळा फोटो जळून जायचा.

कवटी काढली होती फोटोकाकूंच्या फोटोग्राफर सासऱ्यांनी, आणि ती त्यांना काढायला लावली होती त्यांच्या लेकीने, म्हणजे फोटोकाकूंच्या नणंदेने. ही नणंद पाच वर्षांची असताना बाबांच्या डब्यात कोण राहतं ते बघायला तिने भर उन्हात अंगणात डबा उघडला होता. आत एका अख्ख्या शाळेचा ग्रुप फोटो होता. शाळेचे सगळे वर्ग पुन्हा एकदा धुतलेल्या कपड्यांत रांगेने उभे करावे लागले. संध्याकाळी सासऱ्यांनी लाल रंगाची डबी काढली.

त्या घरात फोटोकाकू सून म्हणून आल्या तेव्हा सासऱ्यांचे हात थरथरायला लागले होते. मुलगा पोस्टात नोकरीला. “मला उजेडात काम करायची सवय आहे,” असं म्हणून त्याने स्टुडिओचा विषय केव्हाच मिटवला होता. सुनेने एक दिवस डार्करूमचं दार वाजवून विचारलं, “चहा आणू का?” आतून आवाज आला, “चहा नको, हात आण.”

तेव्हापासून त्या आत गेल्या. सासरे उजेडात फारसं बोलायचे नाहीत. जेवतानाही मीठ हवं असेल तर बोट दाखवायचे. पण त्या काळोख्या खोलीत ते अखंड बोलत. फिल्म कशी धरायची, फक्त कडेने. पाणी किती कोमट, मनगटाला कळेल इतकं. हात कोरडे हवेत आणि हातांना घाई करू द्यायची नाही. सुनेचं सगळं शिक्षण असं कानांनी आणि बोटांनी झालं. सासरे गेल्यावर स्टुडिओ तिने चालवला, आणि गावातली शाळकरी मुलं तिला फोटोकाकू म्हणायला लागली. पुढे त्या मुलांची मुलंही तेच म्हणायला लागली.

मोबाइल आले तशी गिऱ्हाइकं पांगली. पण भिंतीवर टांगायचा म्हणून फोटो हवा असला की लोक अजून फोटोकाकूंकडे येत. पांढऱ्या झिरझिरीत पडद्याची ती खिडकी, ते उंच स्टूल, आणि काळ्या कापडाखालून येणारा तो आवाज: “हनुवटी जरा खाली. श्वास सोडा. डोळ्यांनी माझ्याकडे बघू नका, नुसतं बघा.”

एकाच माणसाने त्यांना कायम हुलकावणी दिली होती. नर्सबाईंनी.

गावच्या दवाखान्यात नर्सबाईंनी निम्मं गाव जन्माला घातलं होतं. फोटोकाकूंची लेकही त्यांच्याच हातांमुळे वाचलेली. फोटोकाकूंचे दिवस भरत आले होते, डॉक्टर शहरातून आठवड्यातून एकदा येणारे, आणि सगळं ठीक आहे असं सांगून गेलेले. नर्सबाईंनी पोटावर हात ठेवला, डोळे मिटून थोडा वेळ चाचपलं आणि म्हणाल्या, “बाळाचं डोकं वर आहे. हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायचं.” गाडीत त्या शेजारी बसल्या, वाटभर तो हात पोटावरून काढला नाही. लेक सुखरूप झाली. फोटोकाकू भानावर आल्यावर म्हणाल्या होत्या, “बाई, तुमचा फोटो मी काढणार. फुकट.”

“काढ की,” नर्सबाई म्हणाल्या, “जरा मोकळी झाले की येते.”

त्या कधी मोकळ्या झाल्याच नाहीत. रस्त्यात भेटल्या की फोटोकाकू आठवण करून द्यायच्या आणि त्या म्हणायच्या, “आज नको, आज केस बघ माझे.” मग निवृत्त होऊन त्या लांबच्या शहरात मुलीकडे राहायला गेल्या.

यंदा दवाखान्याची नवी इमारत बांधून झाली. गावातल्या बायकांनी ठरवलं की दारातून आत आल्या आल्या समोर नर्सबाईंचा मोठा फोटो हवा. नर्सबाईंच्या मुलीला फोन गेला. ती म्हणाली, आईची तब्येत तोळामासा झालीय, जे काय करायचं ते लवकर करा. मी मोबाइलवर काढून पाठवते. पण मागून नर्सबाईंचाच आवाज आला, “मोबाइलवर नको. तिथे लोक मला बोटाने सरकवतात आणि पुढे जातात. ती काळ्या कापडाखालची बाई येऊ दे.”

फोटोकाकूंच्या लेकीने तिकिटं काढली. एकटीला कुठे पाठवायचं म्हणून नणंद सोबत निघाली. नणंदेला फोटोकाकू वन्सं म्हणत. वन्सं दोनदा विमानात बसून आल्या होत्या, त्यामुळे त्यांना विमानातलं सगळं येत होतं.

“वहिनी, तिथे कुणाशी जास्त बोलायचं नाही,” त्या म्हणाल्या. “विचारतील तेवढंच उत्तर.”

“बरं वन्सं.”

“आणि हसायचं नाही. हसलं की संशय येतो.”

“तुमच्याबरोबर असताना ते कसं जमायचं?”

जाताना काही अडलं नाही. फिल्मचं पाकीट कंपनीच्या सीलसकट होतं. ते मशीनमधून नको, नव्या मशीनच्या किरणांनी फिल्मवर धुकं येतं, असं सांगितल्यावर तिथल्या माणसाने सील बघितलं आणि पाकीट बाजूने दिलं. कॅमेऱ्याचा भाता पडद्यावर बघून त्याने फक्त एवढंच विचारलं, “पेटी आहे का? वाजवता?” कवटीचा रिकामा डबा मोठ्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये होता. तो कुणी बघितलाच नाही.

नर्सबाई खुर्चीत बसून वाट बघत होत्या. पांढरा गणवेश मुलीने इस्त्री करून ठेवला होता. तो आता दोन माणसांना पुरला असता, म्हणून मागून पिना लावून घेतला. नजर अंधूक झालेली, पण फोटोकाकूंचा हात हातात येताच म्हणाल्या, “मुलगी कशी आहे तुझी? वर डोकं करून आली होती ती.”

“आता शाळेत शिकवते, बाई. अजून डोकं वरच आहे.”

नर्सबाई खूप हसल्या आणि मग त्यांना खोकला आला. बसून फोटो काढू म्हटलं तर ऐकेनात. “मी कधी बसलेली दिसले होते का तुला?” भिंतीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. पाकिटात पानं चारच होती, चार फोटो काढले. चौथा झाल्यावर मुलीने नर्सबाईंना अलगद पलंगावर नेलं. दमून डोळे मिटले होते, तरी हात हलवून म्हणाल्या, “झालं ना एकदाचं? आता पुन्हा नाही गं जमणार.”

ते फोटोकाकूंनाही दिसत होतं. वन्सं दार अडवून उभ्या राहिल्या आणि फोटोकाकूंनी पलंगाच्या कडेवर काळी पिशवी पसरली. ही पिशवी सासूबाईंनी शिवलेली. कोटाच्या काळ्या अस्तराचे दोन थर, एका बाजूला चेन, दुसऱ्या बाजूला दोन बाह्या आणि बाह्यांना इलॅस्टिक. आत डबा ठेवायचा, चेन लावायची, बाह्यांतून हात घालायचे आणि आतल्या अंधारात काम करायचं. चारही पानं कॅमेऱ्याच्या चौकटींतून निघून कवटीच्या डब्यात गेली. मोठ्या बॅगा विमानाच्या पोटात जातात तिथे अजून जोरदार मशीन असतं, म्हणून डबा आता हातातच न्यायचा होता. फोटोकाकूंनी तो खांद्याच्या पिशवीत ठेवला. कवटी त्यांना दिसली नाही. वन्संनाही नाही.

परतीच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत दोघी उभ्या राहिल्या. बायकांची तपासणी पडद्यामागे होती. तिथे गणवेशातली एक मध्यमवयीन बाई पालथ्या हाताने प्रत्येकीला खांद्यापासून घोट्यापर्यंत चाचपून पुढे सोडत होती. वन्संच्या कोटाच्या खालच्या कडेपाशी तिचा हात थांबला.

“अस्तरात किल्ली आहे का हो तुमच्या?”

“छे, किल्ली कुठली.”

बाईने खिशात दोन बोटं घातली, फाटक्या कोपऱ्यातून आत सरकवली आणि वन्संच्या कपाटाची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. वर्षभर ती किल्ली घरात शोधली जात होती. तिच्यापायी कामवालीशी अबोला झाला होता आणि कपाटाचं कुलूप तोडलं होतं.

“काय हात आहे,” वन्सं म्हणाल्या आणि हसायचं नाही हे विसरून हसल्या.

तेवढ्यात पट्ट्यापलीकडून हाक आली. एका तरुण अधिकाऱ्याने कवटीचा डबा दोन बोटांनी उचलून टेबलावर ठेवला होता. मशीनमध्ये घालू नका असं फोटोकाकूंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून त्याने तो पिशवीतून काढून घेतला होता, आणि आता तो डब्यापासून हातभर लांब उभा होता.

“हे काय आहे?”

“फिल्म आहे. कॅमेऱ्याची.”

“आणि ही कवटी?”

फोटोकाकूंनी कवटीकडे बघितलं. कितीतरी वर्षांनी त्यांना ती दिसली.

“सासऱ्यांनी काढलीय.”

“सासरे कुठे आहेत?”

“ते वारले.”

अधिकाऱ्याने पुन्हा एकदा डब्याकडे बघितलं. वन्सं पुढे आल्या. “तिला काय विचारता, मला विचारा. ही कवटी माझ्यामुळे आहे.”

“वन्सं,” फोटोकाकू हळूच म्हणाल्या, “विचारतील तेवढंच.”

तरुणाने आपल्या साहेबांना बोलावलं. साहेब पिकल्या मिशांचे, शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आत एका नर्सबाईंचा फोटो आहे, त्या आता पुन्हा उभ्या राहू शकणार नाहीत, डबा उघडला तर फोटो जाईल आणि मशीनमध्ये घातला तरी जाईल, हे फोटोकाकूंनी जमेल तितक्या सरळ सांगितलं.

“बाई, मला तुमचं खोटं वाटत नाहीये,” साहेब म्हणाले. “पण जे मशीनमधून जात नाही ते उघडून बघायचं, आणि जे उघडत नाही ते मशीनमध्ये घालायचं. असा नियम आहे. आणि तुम्ही तर वर लिहून आणलंय, धोका.”

तरुण अधिकाऱ्याने, तपासायचंच आहे तर, म्हणून झाकणाच्या कडेला बोट लावलं. वन्संनी एकदम त्याचं मनगट धरलं. मग आपण काय केलं ते कळून सोडलं, आणि लहान मुलीसारख्या म्हणाल्या, “नको हो. मी एकदा उघडलाय तो.”

फोटोकाकूंचा हात खांद्याच्या पिशवीत होता. बोटांना काळं अस्तर लागलं.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “उघडा. पण ह्या पिशवीत उघडा. आत हात घालून बघा. काय हवं ते चाचपा.”

साहेबांनी पिशवी आतून बाहेरून उलटसुलट करून बघितली. बाह्यांत हात घालून बघितले. “चाचपून काय कळणार?”

“तुम्हाला नाही कळणार कदाचित. पण त्या पडद्यामागच्या बाईंना कळेल. त्यांच्या हातांना दिसतं.”

साहेब जरा वेळ मिशी चोळत उभे राहिले. त्यांच्या हातात नाही म्हणणं होतं, आणि ते म्हणाले असते तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. पण त्यांनी तरुणाला सांगितलं, “डबा बाहेरून पट्टीने पुसून त्या स्फोटकांच्या मशीनमध्ये पट्टी तपास. आणि बाईंना बोलाव.”

पट्टीत काही निघालं नाही. पडद्यामागच्या बाई आल्या. काम समजल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. फोटोकाकूंनी डबा पिशवीत ठेवून चेन लावली.

“घड्याळ काढता का जरा? काटे चमकतात त्याचे. तेवढाही उजेड फिल्मला बाधतो.”

बाईंनी घड्याळ काढलं.

“आणि हातमोजे नवे घालाल का?”

“अजून काही?” बाई म्हणाल्या. “नखं कापू का?”

पण त्यांनी नवे हातमोजे घातले आणि कोपरापर्यंत हात आत सारले. सवयीने डोळे मिटून घेतले.

“झाकणात अजून एक झाकण आहे,” त्या म्हणाल्या.

“हो. ते वर उचला. आता आत सुटी पानं लागतील. कडेने धरा, मधे बोट लावू नका.”

“एक. दोन. जराशी चिकटलीयत एकमेकांना. तीन. चार.” त्यांची बोटं आत फिरत होती, अस्तर हलत होतं. तरुण अधिकारी, साहेब आणि मागच्या रांगेतली माणसंही त्या काळ्या कापडाकडे टक लावून बघत होती. “तळाला काही नाही. कडांना काही नाही. ह्या पानांना एका कोपऱ्यात खाचा का आहेत?”

फोटोकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. “अंधारात बाजू कळावी म्हणून. कुठली बाजू उजेडाची ते त्या खाचांवरून ओळखायचं.”

“म्हणजे तुमचंही असंच चालतं होय,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या. “कुणाचा फोटो म्हणालात?”

“नर्सबाई आहेत. माझी मुलगी त्यांनी चाचपून वाचवली.”

बाईंची बोटं पुन्हा हलली. आत झाकण बसवल्याचा आवाज आला, मग दुसरं. त्यांनी ते चारही बाजूंनी दाबून बघितलं आणि पुन्हा एकदा दाबून बघितलं. मगच हात बाहेर काढले. “काही नाही साहेब. कागदासारखी चार पानं आहेत.”

साहेबांनी डबा फोटोकाकूंच्या हातात दिला. “घरी गेल्यावर ही कवटी तेवढी पुसा, बाई. दुसरीकडे माझ्यासारखा भेटेलच असं नाही.”

पडद्यामागच्या बाईंचे हात हातात घेऊन फोटोकाकू उभ्या राहिल्या. त्यांचा फोटो काढावा असं फार वाटलं, पण तिथे फोटो काढायला बंदी. मग त्यांनी ते हात नुसते नीट बघून ठेवले. रुंद तळवे, आखूड बोटं. बाईंनी घड्याळ बांधलं आणि म्हणाल्या, “जा आता, विमान सुटेल. मागे रांग लागलीय माझी.”

विमानात डबा वन्संनी मांडीवर धरला. खिडकीची झडपही लावून घेतली, बंद डब्याला त्याची काहीच गरज नव्हती तरी.

घरी पोचल्यावर फोटोकाकूंनी बॅगही उघडली नाही. हात धुऊन, पुसून, वाळवून त्या डार्करूममध्ये गेल्या. बाहेर पोस्टातले नवरोबा आणि वन्सं दाराला कान लावून. आत पाण्याचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा पाणी.

“काय झालं?” नवऱ्याने विचारलं.

“चहा आणू का?” वन्संनी विचारलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. फोटोकाकू पहिलं पान उजेडासमोर धरून उभ्या होत्या. धुकं नव्हतं. काळं ते काळं, स्वच्छ ते स्वच्छ. पहिल्यात नर्सबाईंचे डोळे मिटलेले. दुसऱ्यात मान हललेली. चौथ्यात त्या अशा बघत होत्या की बघणाऱ्याने गुमान थर्मामीटर तोंडात धरावा. आणि तिसऱ्यात त्या होत्या. भिंतीला टेकून, हात पुढे बांधून, आत्ता कुणीतरी हाक मारेल आणि आपण निघू, अशा.

तिसऱ्या पानावर, खांद्याच्या बाजूला, नखाएवढी एक बारीक कोर उमटली होती. एकमेकांना चिकटलेली पानं सोडवताना फिल्म तिथे जराशी वाकली होती. निगेटिव्हवर ती काळी होती, म्हणजे कागदावर पांढरी येणार.

“एवढंच ना,” नवरा म्हणाला. “ब्रशने टिपून टाक. तुझ्या डाव्या हातचा मळ आहे तो.”

खरंच होता. आयुष्यभर लोकांचे तीळ, पुटकुळ्या, कपाळावरच्या आठ्या त्यांनी केसाएवढ्या ब्रशने घालवल्या होत्या. मोठा फोटो छापून वाळल्यावर त्यांनी तो ब्रश ओला केला, टोकावर करडा रंग घेतला, कोरीशी नेला आणि मग परत पाण्यात बुडवून ठेवला.

फोटो दवाखान्यात लागला. बायका येतात, आधी त्या फोटोकडे बघून मग नाव नोंदवायला जातात. कवटी मात्र वन्संनीच झाकली. पांढरा जाड कागद चिकटवला आणि वर आपल्या अक्षरात लिहिलं: ‘नुसत्या हातांनी बघावे.’

एक लहान प्रत नर्सबाईंना पाठवली होती. आठवड्याभराने त्यांचा फोन आला. मुलीने भिंग धरून सगळा फोटो इंच इंच सांगितला होता.

“चांगला आलाय गं. पण माझ्या खांद्यापाशी ते काय उमटलंय, नखासारखं?”

“खूण आहे, बाई. विमानतळावर एका बाईंनी तुम्हाला अंधारात हाताने तपासलं, त्यांची. पुसायची होती, पण हात धजला नाही.”

नर्सबाईंनी लगेच विचारलं,

“हात धुतले होते ना तिने?”

“नवे हातमोजे घातले होते.”

“मग असू दे,” नर्सबाई म्हणाल्या.